फोन कुणी केला

रविवारी रात्री जेवायला बसण्याआधी दादानं सगळ्यांना आपापले फोन टीव्हीखालच्या कपाटावर ठेवायला सांगितले, तेव्हाच ताईच्या लक्षात आलं की आजचा घास काही सुखानं घशाखाली उतरणार नाही.

"कशाला रे?" आईनं विचारलं.

"मध्ये मध्ये वाजतात म्हणून," दादा म्हणाला. पण स्वतःचा फोन त्यानं पालथा ठेवला. ते बघून वहिनीनं आपलाही पालथा केला. धाकटीनं पदार्थांची भांडी आणता आणता फोन ठेवला आणि लगेच आत गेली. पेंटरनं मात्र तो खिशातून काढलाच नाही. त्याला कुणी काही म्हणालं नाही.

पेंटर म्हणजे धाकटीचा नवरा. दादाच्या गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारायला लागला तेव्हाच हे नाव चिकटलं. पुढे घरचा जावई झाला तरी नाव तेच राहिलं आणि दादाचं अरे-तुरेही तसंच राहिलं. दादा, ताई आणि धाकटी ही तीनही भावंडं लहानपणी आईवडिलांचं बोट धरून या देशात आलेली, कागदोपत्री इथलीच झालेली. पेंटर मोठेपणी पोटापाण्यासाठी आला होता. राहायचा परवाना होता. नागरिकत्वाचा अर्ज 'यंदा करू, यंदा करू' म्हणत राहून गेला होता.

एरवी कुणी त्याची आठवणही काढली नसती. पण येत्या आठवड्यात संसदेत त्या विधेयकावर मतदान होतं. परक्या नागरिकाचे गुन्हेगारांशी संबंध दिसले की त्याला झटपट देशाबाहेर काढायचं, असं ते विधेयक होतं. गुन्हा शाबीत व्हायला नको, न्यायाधीशासमोर सुनावणी नको, अधिकाऱ्याची खात्री पटली की झालं. परक्या नागरिकांची अशी प्रकरणं जिथं चालायची, त्याच कचेरीत ताई दुभाषी होती. रोज दुसऱ्यांच्या तोंडचं बोलून तिचं पोट भरायचं. तिथल्या बाकांवर बसलेल्या माणसांचे चेहरे गेले काही दिवस कसे उतरलेत, ते तिनं घरी कधी सांगितलं नव्हतं.

आणि नेमका गुरुवारी पेंटरचा मावसभाऊ पकडला गेला. सगळे त्याला लंबू म्हणत. 'चार दिवस राहतो' म्हणून धाकटीच्या घरी आला होता आणि पावसाळा संपून थंडी आली तरी हलला नव्हता. गाड्या उचलणाऱ्या टोळीत तो होता, हे आता साऱ्या गल्लीला कळलं होतं. धाकटीच्याच इमारतीच्या जिन्यात त्याला धरलं. दुसऱ्या दिवशी दोन अधिकारी गॅरेजवर आले आणि पेंटरला बाजूला घेऊन दुपारपर्यंत प्रश्न विचारत बसले.

"मी सकाळी वकीलबाईंशी बोलले," ताई म्हणाली. आपणच सुरुवात करावी असं तिला वाटलं. "त्या म्हणतात, वाट बघत बसू नका. उद्याच आपणहून हजर व्हा. कायदा यायच्या आत जबाब नोंदला गेला तर जुन्या पद्धतीनं सगळं ऐकून घ्यावं लागेल. आणि गॅरेजच्या मालकाची साक्ष हवी."

"मी येतो की," दादा म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलंय. लंबू गाडी घेऊन आला होता, रंग बदलून दे म्हणाला. यानं गाडीचे कागद मागितले, ते नव्हते, तेव्हा त्याला फाटकातूनच परतवून लावलं. मी ऑफिसच्या काचेआडून बघत होतो."

पेंटरनं मान वर केली. "तुम्ही बघत होतात? मला कधी बोलला नाहीत."

"त्यात बोलायचं काय?"

"काही नाही. काचेआडून बघत होतात, एवढंच लक्षात राहील."

आईनं पेंटरच्या ताटात काहीतरी वाढलं. त्यानं हात आडवा केला नाही आणि खाल्लंही नाही.

"त्या लोकांना सगळं माहीत होतं," तो ताटाकडे बघत म्हणाला. "मला विचारतात, तो बाहेरच्या खोलीत झोपतो ना? खिडकीखाली, जमिनीवर गादी टाकून? सोफा असताना तो खाली झोपतो, हे त्यांना कोण सांगणार? घरात येऊन गेलेलंच कुणीतरी."

"शेजारीपाजारी असतील," आई म्हणाली.

"शेजाऱ्यांना आमचं दार दिसतं, आई. गादी दिसत नाही."

मग वहिनीनं चमचा खाली ठेवला.

"माझ्याकडे कशाला बघताय? मी आले होते एकदा, धाकटीचं ब्लाउज द्यायला. पाणीसुद्धा न पिता परत फिरले. आणि चौकशीच करायची तर सगळीच होऊ द्या. सुट्टीच्या दिवशी गॅरेजचा रंग फवारायचा कॉम्प्रेसर का चालू असतो? मी दोनदा तिथून जाताना ऐकलाय. रंगाचे डबे वेळेआधी का संपतात? यांना विचारलं तर म्हणतात, जाऊ दे. मी का जाऊ देऊ?"

आता सगळे पेंटरकडे बघायला लागले. ताईसुद्धा. बघायचं नाही असं ठरवूनही तिची नजर गेलीच.

"बाहेरची कामं करतो," पेंटर म्हणाला. "कुणाच्या स्कूटरचं मडगार्ड, कुणाच्या मोटरसायकलची टाकी. ओळखीतली. चोरीचं एकही नाही."

"माझ्या रंगानं," दादा म्हणाला.

"हो. तुमच्या रंगानं, तुमच्या कॉम्प्रेसरवर. चुकलंच ते. लंबूचा खर्च अंगावर पडला होता आणि तुमच्याकडे मागायचं नव्हतं."

तो इतक्या सहज कबूल झाला की ताईला ते खटकलं. कचेरीत असे लोक तिनं बघितले होते. लहान गोष्ट पटकन कबूल करतात, म्हणजे मोठीकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपण आपल्याच बहिणीच्या नवऱ्याला त्या बाकावर बसवून बघतोय, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचाच राग आला. पण शंका काही गेली नाही.

"मी माझं सांगितलं," पेंटर म्हणाला. "आता तुम्ही सांगा, दादा. ऑफिसच्या काचेवर कागद कुणी लावलाय?"

तो कागद सगळ्यांनी बघितला होता. 'आम्ही या विधेयकाच्या बाजूचे आहोत' असं त्यावर ठळक छापलं होतं. व्यापाऱ्यांच्या सभेत दादानं भाषण केलं, त्यानंतर तो लागला. पेंटर रोज त्या काचेसमोरून कामावर जायचा.

"मी लावलाय. आणि मला त्याची लाज वाटत नाही," दादा म्हणाला. "आपलं शटर वाकवून गिऱ्हाइकांच्या गाड्या नेल्या तेव्हा वॉचमनकाकांना काय मारलं, ते तू पाहिलंस. त्यांचा डोळा गेला. ज्यांनी मारलं त्यांतले दोघं आधी पकडले जाऊन सुटलेले होते. तारखांवर तारखा पडत होत्या आणि ते मोकळे फिरत होते. त्यांना लवकर बाहेर काढा म्हटलं तर माझं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही. पण त्या कायद्याच्या जाळ्यात कोण कोण येतं ते आता दिसतंय. कागद लावणारा माणूस फोनही करू शकतो, एवढंच माझं म्हणणं."

दादाची नजर पेंटरच्या खांद्यावरून मागे गेली. स्वयंपाकघराच्या दाराशी धाकटी उभी होती, चौकटीला पाठ लावून, दोन्ही हात मागे. ताईला वाटलं, दादा आता संतापेल. पण त्याचा चेहरा एकदम शांत झाला.

"हो," तो म्हणाला. "मीच केला."

आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. वहिनी नवऱ्याकडे बघत राहिली, जणू हा माणूस ती पहिल्यांदाच बघत होती.

पेंटरनं उठून हात धुतले, पुसले, आणि खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली. "सांगून करायचा होता, दादा. मीच त्याला घेऊन आलो असतो पोलिसांत." मग ताईकडे वळून म्हणाला, "वकीलबाईंना सांगा, मला यांची साक्ष नको. ज्यानं खड्डा खणला त्याच्याच हाताला धरून मी वर यायचं का? दुसरं कुणी असेल तर बघा. नसेल तर नको."

त्यानं बूट पायात सरकवले आणि तो जिना उतरून गेला. धाकटी त्याच्यामागे गेली नाही. ती आत वळली, आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला. ताईच्या डोक्यात पहिल्यांदा काही हललं ते तेव्हा.

*

धाकटी घासलेलीच भांडी पुन्हा धूत होती. ताईनं नळ बंद केला.

"दादा तुमच्या घरी शेवटचा कधी आला होता?"

"असेल आला. आठवत नाही."

"मला आठवतं. लंबू राहायला आल्यापासून त्यानं तुमचा जिना चढलेला नाही. तो घरात असेतो पाय ठेवणार नाही म्हणाला होता, माझ्यासमोर. मग गादी खिडकीखाली असते, हे त्याला कुणी सांगितलं?"

धाकटीनं पुन्हा नळाकडे हात नेला. ताईनं तो धरला. हात थंडगार होता.

"मी त्याला किती वेळा सांगितलं," धाकटी अगदी हळू म्हणाली. "काढ याला घराबाहेर. तो म्हणायचा, मावशीनं मला वाढवलं, तिच्या मुलाला रस्त्यावर काढू का? मग एकदा धुण्याच्या मशीनमागे पिशवी सापडली. गाड्यांच्या नंबरप्लेटी होत्या. मी लंबूला विचारलं, तर हसला. म्हणाला, वहिनी, तुझ्या नवऱ्याचा हात फार सुरेख आहे. त्यानं एक गाडी केली ना, की पुढच्या कराव्याच लागतील. मारायची धमकी दिली असती तर बरं वाटलं असतं, ताई. त्याच्या हसण्याचीच भीती वाटली."

"आणि फोन केलास."

"केला. त्यांनी पत्ता विचारला, दिला. तो कुठे झोपतो, कधी येतो, सगळं सांगितलं. मग विचारलं, घरात आणखी कोण राहतं. मी..." ती थांबली. "मी माझ्या नवऱ्याचंही नाव सांगितलं. पत्ता दिला, मग नाव लपवलं तर तेच संशय घेतील, असं वाटलं. बाई फार गोड बोलत होती."

कचेरीत अशा फोनांचा उल्लेख रोज निघायचा. 'माहिती मिळाली आहे की', असं वाक्य ताईनं किती जणांना त्यांच्या भाषेत सांगितलं असेल. ती माहिती देणारा कुणीतरी जळका शेजारी किंवा जुना वैरी असणार, असंच ती धरून चालायची. साबणानं पांढरे पडलेले हात घेऊन आपल्यासमोर उभी असलेली आपली बहीण तिच्या डोक्यात कधी आली नव्हती.

"दादाला कसं कळलं?" धाकटीनं विचारलं.

"तू दाराला पाठ लावून उभी होतीस. लहानपणी काही फोडलंस की अशीच उभी राहायचीस. मला उशिरा कळलं, त्याला लगेच."

*

दादा खाली, इमारतीच्या मागच्या बाजूला आपल्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. वहिनीही तिथंच होती.

"तू खोटं का बोललास?" ताईनं विचारलं.

"त्याचा माझ्यावर राग होताच. आणखी थोडा वाढला तर माझं काय जातं? तिच्यावर गेला तर तिचा संसार जातो."

"मला तेव्हाच कळलं हे खोटं आहे," वहिनी म्हणाली. "हा माणूस मला विचारल्याशिवाय नळ दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा फोन करत नाही. हा पोलिसांना करणार?" मग ताईकडे न बघता ती म्हणाली, "खरं सांगू? मला तुमचाच संशय आला होता. अधिकाऱ्यांच्या ओळखी तुमच्या."

ताईला ते लागलं. पण टेबलावर तिनंही पेंटरकडे कसं बघितलं होतं, ते तिला आठवलं.

"आणि उद्याची साक्ष?" तिनं दादाला विचारलं. "लंबूला त्यानं परतवून लावलं, हे तू सोडून कुणी बघितलेलं नाही. तू तिला वाचवायला गेलास आणि त्याचा एकुलता एक साक्षीदार घालवलास. नवरा देशाबाहेर गेल्यावर कोणता संसार राहणार आहे तिचा?"

दादानं कपाळावरून हात फिरवला. आतापर्यंत त्यानं हा विचारच केला नव्हता, हे स्पष्ट दिसत होतं.

"बोलून गेलो," तो म्हणाला. "तिला तसं उभं बघवलं नाही. आता जाऊन सांगू का त्याला, मी नव्हतो म्हणून?"

"मग तो विचारेल, कोण होतं."

वहिनीनं सुस्कारा टाकला. "ते दुसऱ्या कुणी सांगून चालणार नाही. तिचं तिलाच सांगावं लागेल." आयुष्यात पहिल्यांदा ताईला वहिनीचं म्हणणं पूर्ण पटलं.

*

सोमवारी सकाळी धाकटी ताईच्या दारात उभी होती. रात्री पेंटर गॅरेजमध्येच झोपला होता.

"तू सोबत ये," ती म्हणाली. "मी मध्येच अडकले तर तू बोल. तुला दुसऱ्यांचं बोलायची सवय आहे."

गॅरेजमध्ये पेंटर एका पांढऱ्या गाडीच्या काचांवर चिकटपट्टीनं जुनी वर्तमानपत्रं लावत होता. फवाऱ्याचा रंग काचेवर उडू नये म्हणून आधी हे करावं लागतं. दोघींना बघून त्यानं मान हलवली आणि काम चालू ठेवलं. दादा ऑफिसात होता. तो बाहेर आला नाही.

"फोन दादानं नाही केला," धाकटी म्हणाली. "मी केला."

पट्टीचा ताणलेला तुकडा पेंटरच्या हातात तसाच राहिला. मग त्यानं तो काचेच्या कडेला लावला आणि अंगठ्यानं दाबत दाबत शेवटपर्यंत नेला. धाकटी बोलत राहिली. नंबरप्लेटी, लंबूचं हसणं, फोनवरची बाई, त्याचं नाव कसं दिलं, सगळं. ती एकदाही अडकली नाही. ताईला तोंड उघडायची वेळच आली नाही.

"मला आधी का नाही सांगितलंस?" शेवटी त्यानं विचारलं.

"सांगितलं असतं तर तू त्याला सावध केलं असतंस."

ताईला वाटलं, आता हा चिडेल. पेंटरनं चिकटपट्टीचं रीळ गाडीच्या टपावर ठेवलं.

"हो," तो म्हणाला. "केलं असतं. पळ म्हणालो असतो."

"म्हणून नाही सांगितलं."

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नव्हता."

"त्याच्या बाबतीत नव्हता."

त्यानं मान हलवली. हिशोब चुकला पण कुठे चुकला ते कळलं, तशी. मग तो ऑफिसच्या दाराशी गेला. "दादा, दुपारी निघायचंय. स्वच्छ शर्ट घाला," म्हणाला. परत येताना ताईपाशी थांबला. "हिचं नाव तिथं निघता कामा नये. लंबू आत आहे, पण त्याची माणसं बाहेर आहेत. वकीलबाईंनाही सांगू नका."

"वकीलबाई म्हणतील, घरातूनच तक्रार झाली हे सांगितलं तर निम्मं काम झालं."

"राहू दे निम्मं. नावं देऊन काय होतं ते बघितलंय आता."

तो धाकटीकडे न बघता पुन्हा कामाला लागला. ती दारापाशीच थांबली होती. जा म्हणून त्यानं सांगितलं नाही, बस म्हणूनही नाही.

*

निकाल यायला पुढे बरेच दिवस लागले आणि तो पेंटरच्या बाजूनं लागला. त्या आठवड्यात विधेयक मंजूर झालं, पण त्याचा जबाब आधी नोंदलेला असल्यानं नवा कायदा त्याला लागला नाही. घर मात्र त्या दोघांना बदलावं लागलं, दूरच्या भागात, आणि कुठे गेले ते घरच्यांखेरीज कुणाला सांगितलं नाही. दादानं काचेवरचा कागद काढला नाही. पेंटरनंही तो काढा म्हटलं नाही. हे सगळं झालं ते त्या सोमवारच्या दुपारी कचेरीतल्या लहानशा खोलीत जे घडलं त्यामुळे.

खोलीत एक लांब टेबल होतं. पलीकडे अधिकारी बाई बसल्या होत्या, त्यांना सर्दी झालेली होती आणि त्या सारख्या नाक पुसत होत्या. अलीकडे पेंटर, वकीलबाई आणि दादा. नात्यातल्या माणसाला दुभाषी होता येत नाही, म्हणून ताईच्या जागी तिची एक सहकारी बसली होती. ताई आणि धाकटी मागच्या भिंतीलगतच्या बाकावर. रोज समोर बसायचं आणि आज मागे, त्यामुळे ताईला खोली अनोळखी वाटत होती.

दादानं साक्ष चांगली दिली. बघितलं तेवढंच सांगितलं. विचारल्यावर रंगाच्या डब्यांचंही सांगितलं, आणि ते आमचं आम्ही मिटवलंय म्हणाला. अधिकारी बाईंनी विचारलं, "तुम्ही या विधेयकाच्या बाजूनं भाषण केलंत, हे खरं का?"

"खरं आहे. अजूनही मी त्याच बाजूचा आहे. म्हणून तर सांगतो, हा त्यातला नाही."

बाईंनी टिपून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग त्या पेंटरकडे वळल्या.

"तुमच्या घरात चोरीच्या नंबरप्लेटी होत्या. तो माणूस तुमच्याकडे महिनोन्‌महिने राहिला. गॅरेजमध्ये तुम्ही त्याला नाही म्हणालात, ते मालकानं पाहिलं. घरात काय चालायचं, ते मालकाला माहीत नाही. तुमच्या घरातून या माणसाविरुद्ध कधी कुणी तक्रार केली होती का?"

दुभाषी बाईनं ते मराठीत सांगितलं. ताईच्या शेजारी धाकटी अगदी स्थिर बसली होती.

"नाही," पेंटर म्हणाला.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. दादानं डोळे मिटले. हे उत्तर पेंटरला कुठे घेऊन जाणार, ते खोलीत सगळ्यांनाच कळत होतं. पेंटरलाही कळत होतं, कारण त्याच्या मानेची शीर ताठ झालेली ताईला मागून दिसत होती.

बाक करकरला. धाकटी उठून उभी राहिली होती.

"मी केली होती," ती म्हणाली. "फोन मी केला होता."

"खाली बस," पेंटर मागे न बघता म्हणाला.

"ह्या कोण?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मी यांची बायको." धाकटी दुभाषी बाईसाठी थांबलीसुद्धा नाही. ती सरळ इथल्या भाषेत बोलायला लागली, शाळेत शिकली होती तशी, स्वच्छ. "तुमच्याकडे फोन नोंदलेला असेल. मी त्यांना न सांगता केला. गादी खिडकीखाली असते, हे मीच सांगितलं. हे आता नाही म्हणाले, ते मला सांभाळायला. तेवढं एक सोडून आज ते काही खोटं बोललेले नाहीत."

"हे इथं नोंदलं गेलं की तुमचं नाव उघड होईल. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"मग पुढे या. जबाब घ्यावा लागेल."

धाकटीचे पाय हलेनात. ताईनं तिच्या पाठीला हात लावला, पण ढकललं नाही. तेव्हा पेंटर उठला. अजूनही त्यानं बायकोकडे बघितलं नव्हतं. भिंतीशी एक रिकामी खुर्ची होती, ती त्यानं उचलून आणली, आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली, आणि ती मध्ये ठेवली.